वॉर्डच्या टेबलावर नवीन बसणाऱ्यांसाठी: फाईलमधली भाषा आणि इमर्जन्सीतलं काम

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. सांगली-कोल्हापूरपासून पार अथणी, चिकोडी, विजापूरपर्यंतचे पेशंट इथे येतात. इथल्याच एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी वॉर्ड क्लार्क आहे, आणि नवीन मुलं-मुली आली की त्यांना पहिले काही दिवस शेजारी बसवून शिकवायचं काम माझ्याकडे असतं. बहुतेकांचं बी.कॉम. किंवा बी.ए. झालेलं असतं, टायपिंग येत असतं, पण मेडिकल कशाशी खातात ते माहीत नसतं. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे. औषध देणं, सलाईन बघणं, पेशंट तपासणं हे आपलं काम नाही. आपलं काम निरोपाचं आहे. कोणत्या बेडचा, कोणत्या पेशंटचा, काय आणि किती वाजता, या चार गोष्टी आपल्या टेबलावरून चुकीच्या गेल्या तर पुढे कितीही हुशार डॉक्टर असले तरी त्यांचा वेळ वाया जातो.

खुर्चीत बसण्याआधी मजला फिरा

पहिल्या दिवशी कॉम्प्युटर उघडायची घाई करू नका. इन्चार्ज सिस्टरांना विचारून मामांबरोबर (वॉर्डबॉयना आम्ही मामा म्हणतो) पूर्ण मजला चाला. क्रॅश कार्ट, म्हणजे इमर्जन्सीच्या औषधांची ट्रॉली, कुठे उभी असते, आग विझवायची सिलिंडरं कुठे टांगली आहेत, त्या भागाचा ऑक्सिजन बंद करायचा झोनल व्हॉल्व्ह कोणत्या भिंतीवर आहे, बाहेर पडायचे जिने किती आणि त्यांतल्या एखाद्याला कुलूप तर नाही ना, हे डोळ्यांनी बघा. बेडचे नंबर कुठून सुरू होतात तेही बघा. आमच्याकडे एका खोलीत १४ नंतर थेट १७ येतो, कारण १५ आणि १६ पॅसेजच्या पलीकडच्या खोलीत आहेत. नवीन माणूस धावताना नेमका तिथे चुकतो.

आणि हॉस्पिटलच्या आतला इमर्जन्सीचा नंबर पाठ करा. प्रत्येक ठिकाणी तो वेगळा असतो. फोनवर चिकटवलेला असला तरी पाठ असू द्या, कारण लाईट गेल्यावर चिठ्ठी दिसत नाही.

फाईलमधली भाषा

डॉक्टरांचं अक्षर हा पहिला धक्का असतो, पण निम्मे शब्द रोज तेच असतात. औषधाच्या वेळा आधी शिका: ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा, एचएस झोपताना. एसओएस लिहिलं असेल तर गरज पडली तरच, आणि स्टॅट लिहिलं असेल तर आत्ता, लगेच. या शेवटच्या दोघांत नवीन लोक फार गोंधळतात. एसओएस म्हटल्यावर त्यांना काहीतरी तातडीचं वाटतं आणि ते फार्मसीला पळत जातात. स्टॅट मात्र इंडेंटच्या, म्हणजे फार्मसीतून मागवायच्या औषधांच्या, यादीत शेवटी टाकतात. डोळ्यांच्या वॉर्डात बदली झाली तर तिथे ओडी म्हणजे उजवा डोळा असू शकतो, हे लक्षात ठेवा आणि सिस्टरांना विचारल्याशिवाय पुढे लिहू नका.

फाईलच्या पहिल्या पानावर सी/ओ म्हणजे पेशंटची तक्रार, एच/ओ म्हणजे आधीचा इतिहास, के/सी/ओ म्हणजे आधीपासून असलेला आजार. त्यापुढे डीएम असेल तर मधुमेह, एचटीएन म्हणजे बीपी, आयएचडी म्हणजे हृदयाचा आजार, सीकेडी किडनीचा, सीव्हीए म्हणजे पॅरालिसिसचा झटका. हे आपल्याला का माहीत हवं? कारण डाएटचा निरोप किचनला आपणच देतो. डीएमच्या पेशंटला साखरेचा चहा गेला किंवा सीकेडीच्या पेशंटला नारळपाणी गेलं तर तो निरोप आपल्या टेबलावरच अडकलेला असतो.

एनबीएम हा शब्द तर मी वहीत लाल पेनने लिहायला लावते. तोंडाने काहीच द्यायचं नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री तो लिहिलेला दिसला की तीन कामं करा: किचनला फोन, बेडला पाटी, आणि नातेवाइकांशी बोलणं. नुसतं ‘उपाशी ठेवा’ म्हणू नका. उपाशी म्हटलं तरी चहा चालतो, पाण्याचा घोट चालतो, असं आपल्याकडे सगळ्यांना वाटतं. उपवासाला चालतंच ना. म्हणून सरळ सांगा, ‘काकू, पाणीसुद्धा नाही, चहा नाही, बिस्कीट नाही. सिस्टर सांगतील तेव्हाच द्यायचं.’ काकूंनी मान डोलावली तरी त्यांच्याकडून ते एकदा बोलून घ्या. कन्नड बोलणारे नातेवाईक असतील तर कन्नड येणाऱ्या मावशींना बोलवा. खुणांवर भागवू नका.

लॅबचे शब्द पटकन सांगते. सीबीसीची (रक्तातल्या पेशी मोजायची) ट्यूब जांभळ्या झाकणाची, साखरेची राखाडी, पीटी-आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची) निळी. रक्त आपण काढत नाही, पण ट्यूब आपल्या ट्रेमधून जाते, तेव्हा फॉर्मवरचं नाव आणि ट्यूबवरचं नाव एकच आहे ना, एवढं दर वेळी बघा. एबीजीची, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू तपासायची, सिरिंज ट्रेमध्ये ठेवायची नसते. ती मामांच्या हातात द्यायची आणि लॅबला फोन करून सांगायचं की निघाली आहे. आमच्या भागात साखरेला बीएसएल म्हणतात. मुंबईहून आलेले डॉक्टर एचजीटी म्हणतात, ती बोटातून केलेली तपासणी.

आकड्यांचं मात्र नीट वाचा. इन्सुलिनच्या आकड्यापुढे कुणी नुसतं इंग्रजी ‘यू’ लिहिलं तर ते शून्यासारखं दिसतं, आणि दहाचे शंभर होतात. आपण कुठेही उतरवताना ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. अर्ध्याला नुसतं टिंब देऊन पाच लिहायचं नाही, टिंबाच्या आधी शून्य लिहायचं. पाचला पुढे टिंब-शून्य लावायचं नाही, कारण टिंब पुसट आलं की पन्नास होतात. आणि हे दुरुस्त करायचा अधिकारही आपला नाही. शंका आली की फाईल उचलून सिस्टरांपुढे न्यायची.

फोनवर आलेला आकडा

लॅबमधून फोन येतो, ‘बेड नऊ, पोटॅशियम सहा पॉइंट आठ.’ साधारण साडेतीन ते पाच असायला हवं ते. एवढं वाढलेलं पोटॅशियम हृदय बंद पाडू शकतं, म्हणून लॅब रिपोर्टची वाट न बघता फोन करते. याला क्रिटिकल व्हॅल्यू म्हणतात. काही हॉस्पिटलांत असा फोन फक्त सिस्टर किंवा डॉक्टरांनीच घ्यायचा नियम असतो. तुमच्याकडे तसा असेल तर ‘थांबा, सिस्टरांना देते’ एवढंच म्हणा आणि रिसीव्हर घेऊन उठा.

तुम्हाला घ्यायचा असेल तर रजिस्टर उघडूनच ऐका. हातावर, कागदाच्या चिटोऱ्यावर, कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहायचं नाही. पेशंटचं पूर्ण नाव, आयपीडी नंबर (ॲडमिट करताना मिळालेला), तपासणी, आकडा, वेळ, बोलणाऱ्याचं नाव. मग लिहिलेलं परत वाचून दाखवा आणि समोरून ‘बरोबर’ येईपर्यंत फोन ठेवू नका. आकडे सुटे बोला. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर हे गोंगाटात सारखेच ऐकू येतात. इंग्रजीत फिफ्टीन-फिफ्टीचं तेच. ‘पाच नऊ’ म्हणा, ‘एक पाच’ म्हणा. त्यानंतर जागेवरून हाक मारायची नाही. चालत जाऊन सिस्टरांना सांगायचं, रजिस्टरवर त्यांची सही घ्यायची.

डॉक्टरांनी फोनवर ‘अमुक इंजेक्शन द्यायला सांग’ म्हटलं तर नम्रपणे सांगा, ‘सर, सिस्टरांना फोन देते.’ कितीही घाईत असोत, कितीही रागावोत. औषधाची तोंडी ऑर्डर क्लार्कने घ्यायची नसते, आणि यात एकदाही सवलत घ्यायची नाही.

टेबलापाशी येऊन कुणी काही सांगतं तेव्हा

निम्म्या इमर्जन्सी बेलने कळत नाहीत. कुणीतरी नातेवाईक टेबलापाशी येऊन सांगतो आणि तो मेडिकल भाषेत सांगत नाही. ‘बाबा कसंतरीच करायलेत.’ ‘आईचं अंग गार पडलंय.’ ‘घरघर लागलीय.’ ‘डोळं फिरवलं.’ ‘उठवलं तर उठत नाहीत, झोप लागलीय बहुतेक.’ यातलं एकही वाक्य ऐकलं की ‘बसा, सिस्टर येतील’ असं म्हणू नका. बेड नंबर विचारा आणि त्याच क्षणी सिस्टरांना घेऊन जा.

‘अण्णांचं तोंड वाकडं झालंय’, ‘जीभ जड झालीय’, ‘हातातनं पेला पडला’ असं कुणी म्हटलं तर तो पॅरालिसिसचा झटका असू शकतो. सिस्टरांना हाक मारा आणि नातेवाइकाला एकच प्रश्न विचारा: ‘शेवटचे अगदी व्यवस्थित किती वाजता होते?’ ती वेळ लिहून ठेवा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास त्या शेवटच्या व्यवस्थित वेळेपासून मोजतात. ‘सकाळी उठल्यावर दिसलं’ एवढ्याने भागत नाही. रात्री झोपताना बरे होते का, मध्ये लघवीला उठले होते का, कुणाशी बोलले का, हे विचारा. डॉक्टर येईपर्यंत ही माहिती तयार असली तर सीटीला न्यायचा निर्णय लवकर होतो.

कोड ब्लू

पेशंट प्रतिसाद देत नाही, श्वास नाही किंवा नाडी लागत नाही, म्हणजे कोड ब्लू. सिस्टर ओरडल्या की तुमचा हात फोनवर गेला पाहिजे. काय बोलायचं ते ठरलेलं ठेवा: ‘कोड ब्लू, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, मेल मेडिकल, बेड एक आठ.’ तीन वेळा. ‘पेशंट सिरीयस आहे, लवकर या’ याला अर्थ नाही, कारण कुठे यायचं ते त्यात नाही. दोन बिल्डिंग असतील तर बिल्डिंगचं नाव आधी. ऑपरेटरने परत म्हणून दाखवल्यावरच फोन ठेवा.

मग भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ लिहा. मोबाईलवर नको, मनगटावर नको. नंतर सगळ्यांच्या नोंदी जुळवायच्या असतात, आणि तीन घड्याळांच्या तीन वेळा निघाल्या की त्रास होतो. एका मामांना लिफ्ट धरून ठेवायला पाठवा. पेशंटची फाईल बेडपाशी पोचवा, टेबलावर ठेवू नका. ॲलर्जी आणि आधीची औषधं त्यातच असतात. पॅसेजमधले स्टूल, जेवणाची ट्रॉली, नातेवाइकांच्या पिशव्या बाजूला करा. कन्सल्टंटला फोन करा. आयसीयूला बेड आहे का ते विचारून ठेवा. बिलिंगचा विषय यातल्या कुठल्याही मिनिटाला काढायचा नाही.

कधी आत सिस्टर कमी पडतात आणि तुम्हाला वेळा लिहायला उभं करतात. तेव्हा ऐकलं तसं लिहा. ‘ॲड्रिनॅलिन एक मिलिग्रॅम दिलं’ असं सिस्टर म्हणाल्या की समोर वेळ टाका. ॲड्रिनॅलिन दर तीन ते पाच मिनिटांनी देतात, त्यामुळे मागचं कधी दिलं हे डॉक्टर तुम्हालाच विचारतील. शॉक दिला तर किती ज्यूल ते लिहा. स्वतःच्या मनाने काही जोडू नका. ‘आरओएससी’ ऐकू आलं तर हृदय पुन्हा चालू झालं असं समजा, आयसीयूला लगेच कळवा आणि लिफ्ट परत वर आणा.

सीपीआरचं ट्रेनिंग क्लार्कनेही घ्यायलाच हवं, हे माझं ठाम मत आहे. लिफ्टपाशी किंवा पायऱ्यांवर एखादा माणूस कोसळला आणि तिथे तुम्ही एकटेच असाल तर मदतीसाठी ओरडायचं आणि छाती दाबायला लागायचं. मोठ्या माणसाला पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. मॅनिकिनवर एकदा करून बघितल्याशिवाय हे किती दमवणारं आहे ते कळत नाही.

या सगळ्यात नातेवाईक दाराशी उभे असतात. त्यांना ढकलू नका. त्यांच्यातल्या एका शांत माणसाला बाजूला घ्या, बसवा, सांगा: ‘दादा, डॉक्टर आत आहेत, प्रयत्न चाललेत. मोकळे झाले की ते स्वतः तुमच्याशी बोलतील.’ यापुढे एक शब्द नाही. ‘काही नाही होणार’ असंही नाही आणि ‘अवघड आहे’ असंही नाही. मृत्यूची बातमी डॉक्टरच देतात.

एकाच नावाचे दोघे

आमच्याकडे एकाच वॉर्डात दोन सुनीता पाटील असणं यात नवल काहीच नाही. कधी नवऱ्यांची नावंही सारखीच निघतात. असं दिसलं की दोन्ही फाईलींवर नावसाधर्म्याचं स्टिकर लावा, शक्य तर बेड लांब द्यायला सिस्टरांना सुचवा, आणि त्या दिवसापासून तोंडी बोलतानाही पूर्ण नाव आणि आयपीडी नंबर घ्या. ‘पाटीलबाईंचं रक्त आलं’ हे वाक्य वॉर्डात चालू देऊ नका.

रक्तपेढीच्या कामात तर याला पर्याय नाही. फॉर्म, सँपल आणि पिशवी, तिन्हींवर तेच नाव आणि तोच नंबर. रक्तगट पाठ आहे म्हणून सांगायचा नाही, रिपोर्ट बघून सांगायचा. बाळंतिणीला रक्तस्राव होतोय असं लेबर रूममधून कळलं की पीसीव्हीबरोबर (लाल पेशींची पिशवी) एफएफपी (गोठवलेला प्लाझ्मा) लागणार का, ते सिस्टरांना तेव्हाच विचारा. एफएफपी गोठवलेली असते, वितळवायला वीस-तीस मिनिटं जातात, म्हणून रक्तपेढीला फोन आधी गेला पाहिजे. आणलेली पिशवी वॉर्डच्या फ्रीजमध्ये ठेवायची नाही. लागणार नसेल तर अर्ध्या तासाच्या आत परत.

आग, आणि हरवलेलं मूल

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. मॉक ड्रिलला कुणी कंटाळा केला की मी त्यांना ही तारीख सांगते.

कोड रेड म्हणजे आग. त्याचा क्रम असा: जवळच्या पेशंटला बाहेर काढा, अलार्म द्या, दारं लावून धूर कोंडा, आणि आग लहान असेल तरच विझवायला जा. सिलिंडरची पिन ओढायची, नळी ज्वाळांवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, दाबायचं आणि दोन्ही बाजूंना फिरवायचं. विजेच्या आगीवर पाणी नाही. लिफ्ट नाही. आधी त्याच मजल्यावर फायर डोअरच्या पलीकडे न्यायचं, खाली उतरवणं नंतर. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. त्यावर श्वास घेणारे पेशंट असतात, त्यामुळे तो निर्णय इन्चार्ज सिस्टरांचा किंवा डॉक्टरांचा.

आपलं खास काम म्हणजे यादी. मजल्यावर आत्ता किती पेशंट आहेत, कोण ऑक्सिजनवर आहे, कोण चालू शकत नाही, कोण एक्स-रेला किंवा ओटीत गेलंय. ही यादी मी प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला कागदावर छापून घेते, कारण आगीत पहिली वीज जाते आणि कॉम्प्युटर बंद पडतो. बाहेर पडताना तो कागद हातात हवा.

कोड पिंक बाळ किंवा मूल सापडत नसल्याचा. जिना आणि लिफ्टच्या तोंडाशी माणूस उभा करा, सिक्युरिटीला बाळाचं वय आणि कपड्यांचा रंग सांगा, मोठी बॅग घेऊन जाणाऱ्याला थांबवा. मारामारी, मोठा अपघात यांचे रंग हॉस्पिटलगणिक बदलतात. तुमच्या हॉस्पिटलचं कार्ड आयडीच्या मागे ठेवा.

एमएलसी आणि बाकीचे कागद

अपघात, विषबाधा, भाजणं, मारहाण, गळफास असं काही असलं की केस एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस, होते. ते ठरवतात डॉक्टर. पण उपचार एमएलसीच्या कागदासाठी थांबत नाहीत. परमानंद कटारा खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच सांगितलंय की आधी जीव, कायदेशीर सोपस्कार नंतर. त्यामुळे ‘आधी पोलिसांत जाऊन या’ हे वाक्य कुठल्याही टेबलावरून जाता कामा नये.

पोलिसांना इंटिमेशन दिलं की फोन घेणाऱ्याचं नाव, बक्कल नंबर आणि वेळ लिहा. ऊस आणि द्राक्षाच्या या पट्ट्यात फवारणीचं औषध पोटात गेलेले पेशंट बरेच येतात. नातेवाइकांना औषधाची बाटली आणायला सांगा, नसेल तर घरी असलेल्याकडून लेबलचा फोटो मागवा, आणि तो डॉक्टरांना दाखवा. कपडे, बाटली, पोटातलं सँपल हे पोलिसांना पोच घेतल्याशिवाय द्यायचं नाही. फाईलची झेरॉक्स कुणीही मागितली तरी एमआरडीकडे, म्हणजे रेकॉर्ड विभागाकडे, पाठवा.

पेशंट दुसरीकडे हलवायचा असेल तर ॲम्ब्युलन्स मागवताना एएलएस (व्हेंटिलेटरसारखी यंत्रं असलेली) की बीएलएस (प्राथमिक उपचारांची साधी) ते डॉक्टरांना आधी विचारा. राज्याची १०८ सेवा २०१४ पासून आहे, आणि तिच्यातही या दोन तऱ्हेच्या गाड्या आहेत. व्हेंटिलेटरच्या पेशंटला बीएलएस आली तर सगळं परत पहिल्यापासून.

मृत्यू झाला की कारणाचा फॉर्म ४ डॉक्टर भरतात. नाव, वय, पत्ता मात्र आपण आधार कार्ड बघून आणि घरच्यांना वाचून दाखवून घ्यायचं. रडणाऱ्या माणसाला स्पेलिंग विचारणं जिवावर येतं, तरी विचारा. त्या एका अक्षरासाठी पुढे विम्याला आणि सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीला त्यांना महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत व्हायची असते, हेही त्यांना एका कागदावर लिहून द्या.

ड्युटी सोडताना हे सगळं तोंडी देऊ नका. कोण एनबीएम आहे, कोणाचा रिपोर्ट यायचाय, कोणतं रक्त सांगून ठेवलंय, कोणाचं एमएलसी इंटिमेशन बाकी आहे, कोणत्या दोन बेडला सारखी नावं आहेत, हे रजिस्टरमध्ये लिहून पुढच्या माणसाची सही घ्या. आणि दर महिन्याच्या एक तारखेला टेबलावरच्या यादीतले सगळे नंबर एकदा लावून बघा: रक्तपेढी, आयसीयू, फायर, पोलीस चौकी, कन्सल्टंटांचे घरचे फोन. जो लागत नाही त्याच्या जागी नवा नंबर त्याच दिवशी लिहा.